कमावलेलं कातडं, उडालेला रंग

फाल्गुनात नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की बुटीबोरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला पळस दिसायला लागतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मी खाली गळलेली फुलं पिशवीभर वेचून आणली. आठवडाभर रील बघत होते, डोक्यात तेच होतं. घरी १०० ग्रॅम मेंढीची लोकर होती, १५ ग्रॅम तुरटी आणली, इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानातून पाव किलो हिरडा घेतला आणि चामड्याचे हातभर तुकडे ऑनलाइन मागवले.

लोकर पिवळीधमक निघाली. चामड्याचा पहिला तुकडा वाया गेला, दुसऱ्यावर हिरड्याचा काढा आणि गंजक्या खिळ्यांचं पाणी फिरवलं तर तो बघता बघता काळा झाला. मी दोन्ही खिडकीत ठेवले, सकाळच्या उजेडात फोटो काढला आणि खाली लिहिलं: ‘विदर्भाची हरवलेली रंगकला, माझ्या स्वयंपाकघरात. शंभर टक्के नैसर्गिक. रसायनमुक्त, शुद्ध.’

त्या फोटोला मला एरवी मिळतात त्याच्या चौपट लाइक्स मिळाले. रात्री अकराच्या सुमारास कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. ती इंदोऱ्याला वाढलेली, आता पुण्यात नोकरी करते. तिनं लिहिलं होतं, ‘लोकर छान झाली. चामड्याबद्दल एक सांगू? आमच्या पणजोबांच्या घरी हे हरवलं नाही गं. त्यांनी ते सोडलं.’

मी पोस्ट डिलीट केली नाही, तिला लगेच उत्तरही दिलं नाही. पण तेव्हापासून घरगुती नैसर्गिक रंगांबद्दल मराठीत जे काही लिहिलं, बोललं, दाखवलं जातं ते मी लक्ष देऊन वाचते आहे. तो आता एक लेखनप्रकारच झालाय. त्याची ठरलेली विशेषणं आहेत, ठरलेला उजेड आहे, ठरलेला हळवेपणा आहे. आणि जो लेखनप्रकार आहे त्याची समीक्षाही व्हायला हवी. दुसऱ्या कुणाच्या ओळी घेण्यापेक्षा मी माझीच कॅप्शन घेते. त्या लेखनप्रकारातले सगळे दोष तिच्यात आहेत.

‘विदर्भाची’

हा शब्द मी पळसामुळे लिहिला. पळस विदर्भात आहे, म्हणून पळसानं रंगवलेली लोकर विदर्भाची परंपरा. असं नसतं.

आपल्याकडे रंगवायचे ते प्रामुख्यानं सूत आणि रेशीम. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात एके काळी आल नावाचं झुडूप लावत. त्याच्या मुळांपासून लाल रंग निघे आणि लुगड्यांच्या काठांवर तो चढे. कुसुंब्याचा लाल होता, निळीचा निळा होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत रंगारी आहेत, पण कारागिरांच्या यादीत नाहीत, जातींच्या यादीत आहेत. रंग हे कौशल्य होतं आणि कुणी कुठला रंग हाताळायचा यावर जन्माची मोहर होती. १८६८ साली आलीतल्या रंगाच्या कुळातलंच मंजिष्ठाचं अलिझारिन जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती संपली. नागपुरात तोवर एम्प्रेस मिल उभी राहून बरीच वर्षं झाली होती. ती १८७७ साली सुरू झाली.

लोकरीचं काय? महाराष्ट्राची लोकर म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची जाड, खरखरीत लोकर. धनगरांच्या बायकांनी कातायची, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार मेंढपाळ आहेत. या सगळ्या व्यवहारात रंगाचं भांडं सहसा नसतंच. घोंगडीचा काळा रंग मेंढीचा असतो. पांढरी, करडी, तपकिरी किनार हवी असेल तर त्या रंगाची मेंढी शोधतात. खंडोबा-बिरोबाच्या पूजेत पसरली जाते ती घोंगडी आणि संतांनी अभंगांत जिला रूपक केलं ती घोंगडी, दोन्ही न रंगवलेल्या.

म्हणजे माझी पिवळी लोकर सुंदर होती, पण ती नवी गोष्ट होती. मी ती नवी म्हणून दाखवायला हरकत नव्हती. पण ‘मी पहिल्यांदा करून बघितलं’ यापेक्षा ‘परंपरा’ हा शब्द जास्त चालतो. आमच्या लेखनप्रकाराची ही पहिली खोड आहे. नव्या प्रयोगाला जुना दाखला जोडायचा आणि जी खरी परंपरा समोर आहे, न रंगवण्याची, तिच्याकडे रंग नाही म्हणून बघायचंच नाही.

चामड्यातही तसंच आहे. आपल्या देशी चामड्याचा तांबूस-बदामी रंग कुणी वरून लावलेला नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडं कमावताना तो आतून येतो. रंगवणं आणि टिकवणं ही तिथे एकच क्रिया आहे.

‘शंभर टक्के नैसर्गिक. रसायनमुक्त’

हे तर सरळ चूक आहे. तुरटी हे रसायन आहे. हिरड्यातलं टॅनिन हे रसायन आहे. लोखंडाचं पाणी आणि टॅनिन भेटले की जो काळा होतो तो रसायनाचाच काळा. युरोपात शतकानुशतकं हस्तलिखितांची शाई याच जोडीतून बनत होती, फक्त हिरड्याऐवजी ओकच्या गाठी घेत. चामडं काळं करणारी आणि कागदावर अक्षर उमटवणारी गोष्ट एकच आहे, हे मला कळलं तेव्हा फार आवडलं होतं. पण ‘रसायनमुक्त’ लिहिलं की या आनंदाला जागाच राहत नाही.

शिवाय जुन्या पुस्तकांतल्या ‘नैसर्गिक’ रंगांच्या कृती उघडून बघा. मोरचूद आहे, हिराकस आहे, काहींत बायक्रोमेटही आहे. मोरचूद स्वयंपाकाच्या पातेल्यात घालण्याची वस्तू नाही. रंगाची भांडी वेगळी ठेवा, खिडकी उघडी ठेवा, उरलेलं पाणी तुळशीत ओतू नका, ही तीन वाक्यं रीलमध्ये बसतात. तरी ती क्वचित ऐकू येतात, कारण ती म्हटली की ‘रसायनमुक्त’ म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट फोटोची. प्रत्येक फोटो पहिल्या दिवसाचा असतो. भांड्यातून काढलेला, ओला, उन्हात धरलेला. रंगाची परीक्षा मात्र नंतर होते. त्या उन्हाळ्यात मी एक साधी चाचणी केली. लोकरीचे चार छोटे लडे रंगवले: हळद, कांद्याची सालं, पळस आणि हिरडा-लोखंड. ते पुठ्ठ्यावर गुंडाळले, अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्यानं झाकला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर ठेवून दिले. बीटही ठेवायचं होतं, पण ते पहिल्या धुण्यातच निघून गेलं.

नागपूरचं एप्रिल-मेचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. हळद आठवड्यात फिकी पडली, पंधरा दिवसांत जवळजवळ गेली. सहा आठवड्यांनी वरचा पुठ्ठा काढला तेव्हा पळसाची उघडी बाजू जुन्या वर्तमानपत्रासारखी झाली होती. कांद्यानं थोडाफार तग धरला. हिरडा-लोखंडाचा काळपट करडा दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच होता.

म्हणजे फोटोत ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे गेले तो पळस उडाला आणि ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही तो हिरडा राहिला. मला पळसाबद्दल तक्रार नाही. रंगपंचमीला तो वापरतात ते धुतल्यावर जावा म्हणूनच. तक्रार माझ्या फोटोबद्दल आहे. ज्या लेखनात दुसरा दिवस कधी येत नाही त्याला आपण जाहिरात म्हणतो. मी काही विकत नव्हते, तरी भाषा जाहिरातीचीच वापरत होते.

‘घ्या’

हा शब्द माझ्या कॅप्शनमध्ये नव्हता, पण मी पाहिलेल्या प्रत्येक कृतीची सुरुवात त्याच्यानं होती. ‘वनस्पतींनी कमावलेलं चामडं घ्या.’ ‘स्वच्छ लोकर घ्या.’

पाककृतीचं हे व्याकरण आपल्याला सवयीचं आहे. अर्धी वाटी बेसन घ्या. बेसन कुणी दळलं ते विचारायचं नसतं. पण चामड्याच्या बाबतीत सगळी गोष्ट त्या ‘घ्या’च्या आधी घडून गेलेली असते. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणं. कातडं सोलणं. मीठ लावणं. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस आणि मांस खरवडणं. मग साल आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवणं. कोल्हापूरकडच्या पद्धतीत तर कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात हे पाणी भरून टांगतात. तो वास अंगात आणि केसांत राहतो. त्या वासावरून वस्ती गावाच्या कुठल्या दिशेला बसवायची हे ठरत असे.

लोकरीच्या ‘घ्या’आधीही कुणीतरी मेंढी धुतलेली असते, कातरलेली असते, लोकरीतले काटे, लेंड्या, चिकट मेण काढलेलं असतं.

मी हे लिहिते तेव्हा प्रत्येक रीलमध्ये कातडं सोलून दाखवा असं म्हणत नाहीये. माझं म्हणणं व्याकरणाबद्दल आहे. या कृतींमध्ये कर्ता जिथे घाण आहे तिथे नसतो, आणि जिथे रंग आहे तिथे ‘मी’ म्हणून येतो.

मराठीत याला एक शब्द आहे आणि तो मला या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त पुरला. कातडं आपण ‘कमावतो’. कमावणं म्हणजे टॅनिंग, आणि कमावणं म्हणजे मिळवणं. पैलवान शरीर कमावतो, गवई गळा कमावतो. कच्च्या गोष्टीला मेहनतीनं टिकाऊ करणं असा तो अर्थ आहे. मग कमावलेल्या कातड्यातून ते कमावणाऱ्यानं काय कमावलं, हा प्रश्न शब्दातच बसलेला आहे. आम्ही ‘व्हेज टॅन’ म्हणतो आणि तो प्रश्न गळून पडतो.

‘शुद्ध’

माझी आजी महालात राहायची. चप्पल हातात धरून कुणी घरात आलं तर ती हात धुवायला लावायची, साबणानं नाही, आधी मातीनं. माझ्या काळ्या चामड्याचा फोटो तिनं पाहिला असता तर तिनं विचारलं असतं, ‘अगं, कुठल्या पातेल्यात केलंस ते?’

त्या घरातून आलेल्या मी चामड्याखाली ‘शुद्ध’ असं लिहिलं.

मला त्यात गोम दिसली नाही, कारण मी शब्द तुपाच्या डब्यावरून उचलला होता. पण चामड्याजवळ हा शब्द ठेवायला मराठीत जागा नाही. मेलेलं जनावर ओढणारे महार, दोर वळणारे आणि चामड्याची वाद्यं मढवणारे मांग, कातडं कमावणारे ढोर, वहाणा शिवणारे चांभार: एका कातड्याच्या वाटेवर जातीच्या इतक्या पायऱ्या होत्या, आणि त्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला गावानं अशुद्ध ठरवलं होतं. त्यांनीच बनवलेली मोट विहिरीत उतरायची, तिनं काढलेलं पाणी गावाची पिकं प्यायची आणि त्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. सरकारी नोकरीच्या निमित्तानं खेडी हिंडलेल्या माणसानं लिहिलेलं हे पुस्तक बलुतेदारीचा हिशेब मांडतं: कुणाकडे काय काम, कुणाला किती धान्य. तपशिलाला त्याची तोड नाही. पण ते पुस्तक बलुतेदारांकडे शेतकऱ्याच्या खळ्यावरून बघतं आणि त्यांच्या मागण्यांनी वैतागतं. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. तोच व्यवहार, आता धान्य मागायला उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं. मेलेल्या जनावराभोवतीचं काम, त्यातला वाटा, त्यातली भूक आणि लाज. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली की कळतं, बलुतं हे कारागिरीचं मानधन नव्हतं. काम नको म्हणण्याची मुभा नसलेल्या माणसाला मिळणारा तो घास होता.

‘शुद्ध’ हे विशेषण मी आता चामड्याला लावणार नाही. ‘टिकाऊ’ म्हणेन, ‘चांगलं कमावलेलं’ म्हणेन.

‘हरवलेली’

आता मैत्रिणीच्या मेसेजकडे येते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली. चवदार तळ्यामुळे ती सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षांत गावोगाव हे काम नाकारलं गेलं, आणि अनेक गावांनी त्याचा सूड घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. वसंत मून यांचं ‘वस्ती’ नागपुरातल्या त्या काळाची आठवण सांगतं: तालमी, गिरण्या, समता सैनिक दल, शिकणारी मुलं. त्या घरांनी मागे टाकलेल्या गोष्टींच्या यादीत कातड्याचं कामही होतं.

या इतिहासाला ‘हरवलं’ हे क्रियापद लावलं की काय होतं बघा. हरवणं चुकून होतं. हरवलेली वस्तू मालकाला परत हवी असते. ती सापडवून देणारा चांगला माणूस ठरतो. म्हणजे एका शब्दानं मी एका निर्णयाला अपघात केलं, पिढ्यांच्या सुटकेला नुकसान केलं आणि स्वतःला उद्धारकर्ती केलं.

मैत्रिणीच्या पणजोबांना हिरडा किती दिवस मुरवायचा हे माहीत होतं. त्यांनी ते ज्ञान मुलांना दिलं नाही. न देणं हाच त्यांचा वारसा होता. ते ज्ञान गेलं याचं मला वाईट वाटू शकतं, वाटतंही. पण त्या वाईट वाटण्याचा खर्च त्यांनी द्यावा अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

वर्ध्याचं उत्तर

या प्रश्नाला विदर्भातच दुसरं एक उत्तर दिलं गेलं होतं, नागपूरपासून ७५ किलोमीटरवर.

१९३४ साली गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात खेड्यातल्या चर्मोद्योगावर लिहिलं. त्याच वर्षाच्या शेवटी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि काम जे. सी. कुमारप्पा बघत. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. कल्पना अशी की कत्तलीचं नव्हे, मेलेल्या जनावराचंच कातडं घ्यायचं, ते स्वच्छ, सुधारलेल्या पद्धतीनं कमवायचं आणि ज्यांच्या जातीकडे हे काम कधीच नव्हतं त्यांनी ते आपल्या हातांनी करायचं. ३० डिसेंबर १९३८ ला मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे आणि नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम तिथे चालतं.

वर्धा म्हणत होतं: काम वाईट नाही, त्याला चिकटलेला कलंक वाईट आहे, तेव्हा सगळ्यांनी ते करून कलंक धुऊया. आंबेडकरांचं म्हणणं होतं: ज्यांच्यावर हे काम लादलंय त्यांना आधी त्यातून सुटू द्या. कामाचं गौरवगान करून माणसाला त्याच कामात ठेवणं ही फसवणूक आहे, हे त्यांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात कडक शब्दांत मांडलं.

मी दोन्हींकडे आलटून पालटून बघितलं. वाळुंजकरांसारख्यांचं धाडस मला खोटं वाटत नाही. त्या काळात त्या जातीतून येऊन कातड्यात हात घालणं म्हणजे घरादारातून उठणं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी ढोरवाड्यातल्या माणसाकडे नव्हती. ते उद्या थांबू शकत होते. माझ्याकडेही ती आहे. मी हात धुतले की चामडं संपतं.

आमच्या रीलना मी नालवाडीची नकळत झालेली नातवंडं म्हणेन. ज्या घरांत चामड्याचा विटाळ होता त्या घरांतल्या मुली आता जेवणाच्या टेबलावर चामडं कापतात, हिरड्याचा काढा करतात, हात काळे करून मिरवतात. ही छोटी गोष्ट नाही. समीक्षा करताना ती मान्य करायलाच हवी. फरक इतकाच की नालवाडीत आपण काय मोडतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊक होतं. आम्हाला ते ठाऊक नाही, आणि आमची कॅप्शन ते ठाऊक होऊ देत नाही.

मोठ्या दुकानातली तीच कॅप्शन

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं चामड्याच्या सँडल्स म्हटलं. आपण सगळे चिडलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालंय, ते आपण एकमेकांना फॉरवर्ड केलं. कंपनीनं नंतर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

राग रास्त होता. पण त्या आठवड्यातल्या माझ्या आणि इतरांच्या पोस्ट मी पुन्हा वाचल्या. ‘आमची कोल्हापुरी’, ‘महाराष्ट्राचा वारसा’, ‘मराठी अस्मिता’. चपलेला गाव मिळालं, राज्य मिळालं, भाषा मिळाली. कमावणारा ढोर समाज आणि शिवणारा चांभार समाज हे शब्द फार थोड्या ठिकाणी होते. प्राडानं कोल्हापूर गाळलं. आपण त्याच्या आतलं गाळलं. माझी कॅप्शन आणि त्यांची कॅप्शन यांत किमतीचा फरक मोठा होता, रचनेचा नव्हता.

‘माझ्या स्वयंपाकघरात’

मग रंगवायचं नाही का? या प्रश्नानं मी काही महिने हिरड्याची पिशवी उघडली नाही. नंतर एका संध्याकाळी उरलेले चामड्याचे तुकडे घेऊन सीताबर्डीला फुटपाथवर चपला दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. ऑनलाइन आलेल्या दुसऱ्या खेपेच्या तुकड्यांवर लोखंडाचं पाणी चढत नव्हतं, त्याचं कारण हवं होतं.

त्यांनी तुकडा वाकवला, कापलेली कड उजेडाकडे धरली. कड आतून निळसर करडी होती.

‘हे क्रोमचं आहे ना बाप्पा. ह्याच्यात सालीचं पाणीच नाही, मंग ते काळं कसं होईन? तुमाले कोणी साधं चामडं म्हणून देल्लं, ताई.’

बरोबर होतं. लोखंडाला भेटायला टॅनिनच नव्हतं. क्रोमनं कमावलेलं कातडं दिवसाभरात तयार होतं, बाजारातलं बहुतेक चामडं आज तेच असतं. माझा पहिला तुकडा का वाया गेला तेही त्यांनीच सांगितलं. लोकर आणि चामडं दोन्ही प्राण्याच्या अंगावरची प्रथिनं, म्हणून दोन्ही रंग चांगला धरतात. पण लोकरीला उष्णता लागते आणि चामड्याला ती सोसत नाही. ओलं, सालीनं कमावलेलं कातडं साधारण ७० ते ८० अंशांना आक्रसतं. मी ते पळसाच्या गरम पातेल्यात सोडलं होतं, ते पापडासारखं वळलं. ‘कोमट पायजे, बोट बुडवता आलं पायजे,’ ते म्हणाले. रंगानंतर सोड्याच्या पातळ पाण्यानं पुसा आणि एरंडेलाचा हात फिरवा, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, तुमची मुलं हे शिकली का? ‘नाई,’ ते म्हणाले. ‘एक बँकेत आहे.’ आवाजात दुःख नव्हतं. थोडा अभिमान होता. मग त्यांनी माझ्या सँडलचा सुटलेला पट्टा बघितला आणि तो काढून द्या म्हणाले.

पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते मी पाहिलेल्या कुठल्याच रीलमध्ये नव्हतं, कारण त्यांचं ज्ञान बिघडलेल्या गोष्टींतून आलेलं होतं. आमचं लेखन बिघडलेलं दाखवत नाही. चांगलं लिहायचं असेल तर मला वाटतं सुरुवात इथून करता येईल. कोणत्या तुकड्यावर रंग चढला नाही, कोणता उन्हात गेला, कुणी सांगितलं म्हणून पुढचा नीट झाला. रंगवणाऱ्यांनी आपल्या विशेषणांना महिनाभर सुट्टी द्यावी आणि त्या जागी कर्ते लिहावेत. ज्यांच्या घरांनी हे काम सोडलं त्यांच्याकडून वारशाच्या गोष्टी मागू नयेत. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकावं, आणि सोडणं हीही त्या कलेच्या इतिहासातली घटना म्हणून लिहावी.

या वर्षी फाल्गुनात मी पुन्हा रंगवलं. पळस थोडा, हिरडा जास्त. चामड्याचा एक पट्टा केला, मैत्रिणीला आधी फोटो पाठवला आणि खाली काय लिहायचं ते विचारलं. तिनं ‘काळा छान आलाय’ एवढंच उत्तर दिलं आणि पुढे लिहिलं, ‘माझ्या आजोबांचं काही लिहू नको.’ मी लिहिलं नव्हतं.

शेवटी पोस्ट गेली ती अशी: ‘चामडं सालीनं कमावलेलं आहे. कुणी कमावलं ते दुकानदाराला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. काळा रंग हिरडा आणि गंजक्या खिळ्यांचा, उन्हात टिकतो. पिवळा दोरा पळसाचा, उन्हाळ्यात उडेल. कोमट पाण्याची गोष्ट सीताबर्डीच्या एका काकांनी सांगितली. मी शिकते आहे.’

लाइक्स नेहमीइतकेच आले. एका अनोळखी मुलीनं विचारलं, खिळे किती दिवस भिजवायचे. गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस, मी तिला लिहिलं, आणि झाकण सैल ठेव.